वाचकांचे प्रश्न : निर्यातीला प्रोत्साहन म्हणजे नेमके काय?

गेल्या अंकात निर्यातधोरणावर मोजके लिहिले होते. त्यानंतर आलेली पत्रांची थप्पी पाहता विदर्भात या विषयाची निकड माझ्या अंदाजापेक्षा बरीच मोठी आहे, असे दिसते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून सहा प्रश्न निवडले आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे आटोपते घेतले असते तर वाचकाची दिशाभूल झाली असती.

प्रश्न : आमची संत्री वर्षानुवर्षे बांगलादेशात जात होती. तिथल्या सरकारने किलोमागचे शुल्क वाढवत नेले आणि व्यापारी बागेकडे फिरकेनासे झाले. आपले सरकार निर्यात वाढवा म्हणते, तर हे शुल्क त्यानेच का भरू नये?
– एक संत्रा बागायतदार, काटोल

उत्तर : आपली व्यथा रास्त आहे, पण तिच्यावर आपण सुचवलेला उपाय तितकासा सोपा नाही. निर्यातधोरणाचा हात आपल्या सीमेपर्यंतच पोहोचतो. पेट्रापोल ओलांडून ट्रक बेनापोलच्या आवारात शिरला की तिथे ढाक्याचा कायदा लागू होतो, आणि 2019 नंतर टप्प्याटप्प्याने वाढत गेलेले शुल्क हा त्या सरकारचा निर्णय आहे. त्यावर खरा इलाज वाटाघाटींचा आहे. तो व्यापारी गाठून होत नाही, त्यासाठी वाणिज्य मंत्रालयाने विषय लावून धरावा लागतो. संत्र्यासारखे एका भागाचे पीक अशा वाटाघाटींच्या यादीत वर यायचे, तर त्या भागाचा आवाज संघटित असावा लागतो. तो तसा नाही, हे आपणही मान्य कराल.

परदेशी शुल्क आपल्या तिजोरीतून भरणे म्हणजे शेतमालाच्या निर्यातीवर थेट अनुदान देणे होय. जागतिक व्यापार संघटनेच्या डिसेंबर 2015 मधील नैरोबी बैठकीत शेतमालावरील निर्यात अनुदाने बंद करण्याचे ठरले. विकसनशील देशांना त्यासाठी 2018 अखेरपर्यंतची मुदत मिळाली, आणि वाहतूक व विपणन खर्चापुरती मिळालेली सवलत 2023 अखेर संपली. म्हणजे जी मदत दहा वर्षांपूर्वी उजळ माथ्याने देता आली असती, ती आज दिली तर कोणत्याही स्पर्धक देशाला तक्रारीची वाट मोकळी होते.

नियमांत बसणारी आणि उपयोगाची मदत बागेपासून कंटेनरपर्यंतच्या वाटेवर देता येते. बांगलादेश आपल्याला सोयीचा होता, कारण माल ट्रकने, शीतकंटेनरशिवाय, काही दिवसांत तिथे पोहोचत असे. नागपुरी संत्र्याची साल सुटी असते, फळ हाताळताना लवकर दबते आणि त्यात बिया असतात. समुद्रमार्गे आखाती देशांत जायचे असेल, तर तोडणीपासून काही तासांत पूर्वशीतन, वॅक्सिंग आणि आकारानुसार प्रतवारी करावी लागते. आपल्याकडे आजही अनेक ठिकाणी झाडाखाली ढीग घालून डोळ्यांच्या अंदाजाने मोठा, मधला, बारीक असा माल वेगळा केला जातो आणि प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये वरपर्यंत दाबून भरला जातो. त्या ढिगाच्या तळाचे फळ खरेदीदाराच्या गोदामात उघडल्यावर बोलते. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते प्रतवारीची जागा घेऊ शकत नाही. शेतकरी गटांनी परदेशी शुल्काच्या भरपाईऐवजी अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीसाठीच्या केंद्रीय संस्थेची, मान्यता असलेले पॅकहाऊस आणि शीतकंटेनरची सोय मागावी. त्या मागणीला कोणत्याही करारातील कलम आडवे येत नाही.

प्रश्न : शेतीपंपाच्या सुट्या भागांची केनियातून पहिलीच ऑर्डर मिळाली आहे. सल्लागार एलयूटी, ड्रॉबॅक, रोडटेप, ॲडव्हान्स ऑथोरायझेशन, ईपीसीजी अशी नावे घेतात. यातले मला काय लागू पडते?
– एक लघुउद्योजक, बुटीबोरी

उत्तर : अभिनंदन. या सर्व नावांमागे एकच तत्त्व आहे, ते ध्यानात ठेवले की पुढचे कागद सोपे जातात. परदेशात आपला माल जावा, आपले कर जाऊ नयेत. नैरोबीतला ग्राहक महाराष्ट्राच्या डिझेलवरचा कर भरणार नाही. तो तोच भाग चीनकडून घेईल. म्हणून मालाच्या किमतीत मुरलेले कर निरनिराळ्या दारांनी परत केले जातात, आणि दर दाराला वेगळे नाव आहे.

वस्तू व सेवा कराचे दार एलयूटीचे, म्हणजे हमीपत्राचे आहे. निर्यात शून्य दराची मानली जाते. आरएफडी-11 या नमुन्यात हमीपत्र दिले की कर न भरता माल पाठवता येतो, आणि कच्च्या मालावर भरलेल्या कराचा परतावा मागता येतो. हे हमीपत्र दर आर्थिक वर्षासाठी नव्याने द्यावे लागते, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते विसरणारे दरवर्षी भेटतात. कच्च्या मालात मुरलेल्या सीमाशुल्काचे दार ड्रॉबॅकचे, म्हणजे सीमाशुल्क कायदा 1962 च्या कलम 75 खालचे. वस्तू व सेवा कराच्या बाहेर राहिलेले डिझेलवरील कर, विजेवरील शुल्क असे जे उरते, त्यासाठी 1 जानेवारी 2021 पासून रोडटेप आहे. तिचे दर ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर झाले तेव्हा ते निर्यातमूल्याच्या कमाल 4.3 टक्क्यांपर्यंत होते. समजा आपला माल 10 लाख रुपयांचा आहे आणि दर 1 टक्का आहे, तर 10 हजार रुपयांचे जमापत्र आपल्या खात्यात येईल. ते आयातीवरील मूळ सीमाशुल्क भरण्यासाठी वापरता येते किंवा विकताही येते. ड्रॉबॅक आणि रोडटेप दोन्ही घेता येतात.

रोडटेपचा दावा शिपिंग बिलातच, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे भरायच्या निर्यातीच्या कागदातच करायचा असतो, तो नंतर अर्ज करून मिळत नाही. 2021 मध्ये ही योजना नवी असताना एका ग्राहकाच्या बिलात दाव्याचा होकार नोंदवायचा माझ्याकडून राहून गेला. माल समुद्रात होता, बिल बंद झाले होते, आणि पुढच्या सहा महिन्यांत मी केलेली सर्व विनंतीपत्रे एकाच ओळीच्या उत्तरासह परत आली. ते पैसे मी माझ्या शुल्कातून वळते करून दिले. तेव्हापासून सीएचएने, म्हणजे सीमाशुल्क दलालाने मसुदा पाठवला की मी आधी तो रकाना पाहतो आणि मगच मालाचे वजन.

ॲडव्हान्स ऑथोरायझेशन आपण कच्चा माल स्वतः आयात करत असाल तरच उपयोगाचे. त्यात आयातशुल्क भरावेच लागत नाही, मात्र सर्वसाधारणपणे किमान 15 टक्के मूल्यवाढ करून तो माल निर्यात करावा लागतो. ईपीसीजीखाली यंत्र शुल्काविना आणता येते आणि वाचलेल्या शुल्काच्या 6 पट निर्यात 6 वर्षांत करावी लागते. 5 लाखांचे शुल्क वाचले, तर 30 लाखांची निर्यात, तीही आधीपासूनच्या सरासरी निर्यातीच्या वर. एका ऑर्डरच्या आनंदात ईपीसीजीत शिरू नका. अट पुरी झाली नाही तर शुल्क व्याजासकट भरावे लागते, आणि तोवर ते यंत्र जुने झालेले असते.

नागपूरकरांच्या सोयीची नसलेली एक बाबही सांगून ठेवतो. रोडटेपचा दर देशभर एकच असतो. राजकोटचा कारखानदार काही तासांत बंदर गाठतो. आपला कंटेनर न्हावा शेव्यापर्यंत 800 किलोमीटरहून अधिक अंतर कापतो, म्हणजे डिझेलवरचा कर आपल्या मालात जास्त मुरतो, पण परतावा दोघांना सारखाच मिळतो. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने वेळ वाचला, टोल मात्र वाढला. आतल्या भागातील जिल्ह्यांसाठी वेगळा दर असावा, असे मला वाटते, आणि येथील औद्योगिक संघटनांनी ही मागणी आकडेमोडीसह मांडायला हवी. तोवर एकाच कंटेनरचे प्रमाण असेल तर रेल्वेचा आणि रस्त्याचा दर दोन्ही मागवून पाहावा.

प्रश्न : भारताने एमईआयएस ही निर्यातदारांना पुरस्कार देणारी योजना बंद केली, ती जागतिक व्यापार संघटनेमुळेच, असे वर्गात सांगितले गेले. पण भारत तर विकसनशील देश आहे. मग सवलत का मिळाली नाही?
– एक पदव्युत्तर विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : आधी थोडा इतिहास पाहू. 1966 च्या जूनमध्ये रुपयाचे मूल्य डॉलरमागे 4.76 वरून 7.50 वर आणल्यानंतर निर्यातदारांना रोख भरपाई देण्याची पद्धत सुरू झाली, आणि 1991 च्या जुलैमध्ये ती मोडीत निघाली. त्याच काळात दक्षिण कोरियाने पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत निर्यातीच्या लक्ष्यांवर दरमहा बैठका घेत कारखानदारांना स्वस्त कर्जे दिली. तेव्हा आजच्यासारखी बंधने नव्हती. 1995 पासून जागतिक व्यापार संघटनेचा अनुदानविषयक करार लागू झाला आणि निर्यातीच्या अटीवर दिलेले अनुदान त्यात निषिद्ध ठरले. त्यातून विकसनशील देशांपैकी दरडोई उत्पन्न 1990 च्या डॉलर मूल्याने 1,000 डॉलरपेक्षा कमी असलेल्यांना सूट होती. सलग तीन वर्षे ही रेषा ओलांडली की सूट जाते, आणि भारताने ती ओलांडल्याचे 2017 मध्ये निश्चित झाले. मार्च 2018 मध्ये अमेरिकेने एमईआयएससह भारताच्या योजनांविरुद्ध तक्रार केली. सुटीच्या यादीतून बाहेर पडल्यावर आठ वर्षांची मुदत मिळावी, असा भारताचा युक्तिवाद होता. तो लवादाने 31 ऑक्टोबर 2019 रोजी फेटाळला. भारताने नोव्हेंबरमध्ये अपील केले, पण अपील मंडळ पुढच्याच महिन्यात सदस्यांअभावी ठप्प झाले. त्यामुळे निकाल कायद्याच्या दृष्टीने अधांतरी राहिला, तरी भारताने 2020 अखेर योजना थांबवली.

आपण विकसनशील आहोत, एवढ्या कारणावरून ही सूट कायमची मिळत नव्हती, ती उत्पन्नाच्या रेषेशी बांधलेली होती. एमईआयएस हा मालाच्या मूल्यावर ठरावीक टक्क्यांनी मिळणारा पुरस्कार होता. त्याचा कारखानदाराने भरलेल्या करांशी हिशेबी संबंध नव्हता. रोडटेप हा भरलेल्या कराचा परतावा आहे, आणि परतावा कराराला चालतो, तो खऱ्या करापेक्षा अधिक नसेल तर. बहुतेक चर्चेत हा फरक पुसला जातो, म्हणून इथे ठसवतो. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने मान्यता दिलेल्या निर्यात प्रोत्साहन मिशनमध्येही, म्हणजे 2025-26 ते 2030-31 या सहा वर्षांसाठीच्या 25,060 कोटींच्या योजनेत, भर वित्तपुरवठा, चाचणी व प्रमाणपत्रे आणि बाजारपेठेची ओळख यांवर आहे. विक्रीच्या टक्केवारीने पैसे देण्याचे दिवस मागे पडले आहेत.

प्रश्न : निर्यातदार कापडगिरण्यांच्या सोयीसाठी कापसावरचे आयातशुल्क माफ झाले. आमच्या कापसाचा भाव मात्र त्याच हंगामात पडला. निर्यात वाढावी म्हणून शेतकऱ्याने का झिजावे?
– एक कापूस उत्पादक, यवतमाळ

उत्तर : फेब्रुवारी 2021 पासून परदेशी कापसावर 11 टक्के शुल्क होते : मूळ शुल्क 5, कृषी पायाभूत सुविधा उपकर 5, आणि त्या दोन्हींवरचा अधिभार. अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावर एकूण 50 टक्के शुल्क लावण्याचे ठरवले आणि कपड्यांचे निर्यातदार हवालदिल झाले. त्यांना दिलासा म्हणून 19 ऑगस्टपासून हे 11 टक्के माफ झाले. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, नंतर मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढली. दसरा-दिवाळीतली पहिली वेचणी नेमकी याच मुदतीत येते. बाजारात स्वस्त परदेशी गाठी येण्याची चाहूल लागली की जिनिंगवाला सौद्यात हात आखडता घेतो, हे आपण बैलगाडीत बसून जितके जवळून पाहिले असेल, तितके मी कागदांतून पाहिलेले नाही.

माझे मत आपल्या बाजूचे आहे, पण त्यात एक अट आहे. जी गिरणी कापूस आणून त्याचे सूत किंवा कापड परदेशी पाठवते, तिला शुल्कमुक्त आयातीसाठी ॲडव्हान्स ऑथोरायझेशनचे दार आधीपासून उघडे होते. सरसकट माफीचा मोठा वाटा म्हणून देशांतर्गत बाजारासाठी सूत काढणाऱ्यांना गेला, आणि त्याला निर्यात प्रोत्साहन म्हणणे शब्दांचा खेळ आहे. अट अशी की, तिरुपूर किंवा इचलकरंजीचा लहान कपडेवाला कापूस आयात करत नाही, तो बाजारातून सूत घेतो. परवान्याचा लाभ त्याच्यापर्यंत झिरपत नाही. बांगलादेशने हा प्रश्न जामीन गोदामांनी सोडवला : कपड्यांचा कारखानदार शुल्क न भरता कापड आणतो आणि ते शिवून परत बाहेर पाठवतो, त्यामुळे कच्च्या मालावरचे शुल्क त्याच्या अंगाला लागत नाही. आपल्याकडे लहान घटकांसाठी तशी सोपी वाट असती, तर गिरणी आणि शेतकरी यांना एकमेकांसमोर उभे करायची वेळ आली नसती. 2025-26 साठी हमीभाव मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये क्विंटल आहे. तो केंद्रावर मिळाला तर आयातीचा घाव सौम्य होतो. खरेदी केंद्रावर ओलाव्याच्या कारणाने माल नाकारला गेला आणि खासगी व्यापाऱ्याकडे निघावे लागले, तर मात्र या सर्व धोरणाचा खर्च शेवटी आपण भरता.

प्रश्न : घरी केलेला सावजी मसाला अमेरिकेतील नातेवाइकांना आवडतो, आता तेथील दुकानदारही मागू लागले आहेत. घरगुती पातळीवर निर्यात करता येते का?
– एक गृहिणी, धरमपेठ

उत्तर : करता येते, ताई. आयात-निर्यात सांकेतांक काढा. तो आपला पॅन क्रमांकच असतो, शुल्क 500 रुपये आहे, आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अद्ययावत करावा लागतो, नाहीतर बंद पडतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना आणि मसाला मंडळाकडची निर्यातदार नोंदणीही लागेल. उलाढाल लहान असली तरी वस्तू परदेशी विकणे आंतरराज्य पुरवठा मानले जाते, म्हणून वस्तू व सेवा कराची नोंदणी टाळता येत नाही. लहान पार्सलांसाठी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे आहेत. प्रयोगशाळेचा अहवाल मात्र पहिल्या पार्सलाआधीच घ्या. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूर यांनी इथिलीन ऑक्साइडच्या कारणावरून काही भारतीय मसाल्यांवर कारवाई केली, त्यानंतर खरेदीदार घरगुती चवीआधी अहवाल मागतात.

प्रश्न : आम्ही उकडा तांदूळ आफ्रिकेला पाठवतो. ऑगस्ट 2023 मध्ये एका संध्याकाळी 20 टक्के निर्यातशुल्क लागले, आणि करार जुन्या भावाचा होता. असे झाले तर पुढच्या वेळी काय करावे?
– एक राइस मिल मालक, गोंदिया

उत्तर : प्रोत्साहनाची उलटी बाजू आपण दाखवली. 20 जुलै 2023 रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, 25 ऑगस्टला उकड्या तांदळावर 20 टक्के शुल्क लागले. पांढऱ्यावरील बंदी सप्टेंबर 2024 च्या अखेरीस उठली आणि उकड्यावरील शुल्क आधी 10 टक्क्यांवर येऊन पुढच्या महिन्यात शून्य झाले. कांद्याचेही तसेच : 8 डिसेंबर 2023 ला बंदी, 4 मे 2024 ला बंदीऐवजी 40 टक्के शुल्क, ते सप्टेंबरात 20 टक्के, आणि 1 एप्रिल 2025 पासून शून्य. देशातील भाव आटोक्यात ठेवण्याची सरकारची निकड मी नाकारत नाही. पण खरेदीदार एकदा थायलंड किंवा व्हिएतनामकडे वळला, की बंदी उठल्याची अधिसूचना त्याला परत आणत नाही. एका हातात परताव्याचे जमापत्र आणि दुसऱ्या हातात बंदीचा कागद, अशा स्थितीत जमापत्राचे मोल उरत नाही. किमान 30 दिवसांची पूर्वसूचना द्यावी, ही मागणी मला वाजवी वाटते. आता साठेबाजीचे कारण पुढे करून ती नाकारली जाते.

कायद्याचा तपशील मात्र आपल्या हिताचा नाही, तो समजून घ्या. बंदी आली, तर विदेश व्यापार धोरणाच्या परिच्छेद 1.05 प्रमाणे आधी उघडलेल्या अपरिवर्तनीय पतपत्राला, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीला, काही संरक्षण मिळते, पण जुलै 2023 च्या अधिसूचनेने ते संरक्षणही वगळले होते. शुल्क आले, तर कराराची तारीख पाहिलीच जात नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे माल बाहेर नेण्याचा आदेश ज्या दिवशी मिळतो, त्या दिवशीचा दर लागतो. म्हणून कंटेनर डेपोत पोचला आणि शिपिंग बिल भरले, तरी आदेशापूर्वी मध्यरात्र उलटली तर नवा दर बसतो.

पुढच्या कराराच्या मसुद्यात दोन वाक्ये टाकून घ्या : करारानंतर भारताने नवे निर्यातशुल्क लावल्यास ते खरेदीदार सोसेल, आणि बंदी आल्यास विक्रेत्यावर दंड लागणार नाही. खरेदीदार पहिल्या वाक्याला हरकत घेईल, तेव्हा अर्ध्या-अर्ध्या वाटणीवर यावे. उत्तर आले नाही तर भाव क्विंटलमागे थोडा चढा ठेवून जोखीम तिथे मोजून घ्यावी, आणि मिलमध्ये भिजवणी सुरू करण्याआधी त्या ओळींवर सही-शिक्का घ्यावा.